हजेरीपटावरून गेलेलं नाव आणि मुलीची लस

ताई,

आम्ही सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरचे. माझे यजमान अकरा वर्षं इथल्या नगरपंचायतीत ठेकेदारामार्फत पंप ऑपरेटर होते. तौक्ते वादळात लाईट गेली तेव्हा जनरेटरवर पंप चालवून ह्यांनी लोकांना पाणी दिलं, घरी फिरकलेसुद्धा नाहीत. त्याच वर्षी मुंबईत माझ्या मोठ्या दिरांनी कोरोनाची लस घेतली आणि दहाव्या दिवशी हार्ट अटॅकने गेले. बावन्न वर्षांचे होते. तेव्हापासून ह्यांचं एकच, ‘मी सुय टोचून घेवचंय नाय.’ डिसेंबर २०२१ मध्ये ऑफिसातून तोंडी निरोप आला की सर्टिफिकेट दाखवा, नाहीतर हजेरी लागणार नाही. ह्यांनी दाखवलं नाही. पुढच्या महिन्यात हजेरीपटावर नावच नव्हतं. कागद एकही दिला नाही.

आता हे हंगामात आंब्याच्या बागेत फवारणीला, काढणीला जातात, एरवी ट्रॉलरवर खलाशी म्हणून. जून-जुलै मासेमारी बंद, तेव्हा घरातच. रात्र रात्र मोबाईल बघतात. ग्रुपवर मुंबईच्या कुणीतरी सांगितलंय की अमेरिकेत लशीवरून काढलेल्या सगळ्यांना कोर्टाने परत घेतलं, आपणही सगळे मिळून केस टाकू, माणशी १२ हजार रुपये भरा, नोकरी आणि मागचा सगळा पगार मिळेल. हे म्हणतात, तुझ्या पाटल्या गहाण ठेवू.

त्यात मुलगी यंदा नर्सिंगला लागली. कॉलेजने हिपॅटायटिस बी ची लस घ्यायला सांगितलीय. ह्यांचं म्हणणं, ‘उद्या पोरीक काय झाला तर कोण बघतलो?’ ती चिडून बोलून गेली, ‘तुमच्या हट्टापायी तुमची नोकरी गेली, आता माझी घालवू नका.’ त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद आहे. मी कुणाची बाजू घेऊ? आणि नोकरी परत मिळेल का, ते खरं सांगा.

– एक आई, सिंधुदुर्ग

ताई,

पाटल्या ठेवू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण हे आजच घरात सांगा.

त्या ग्रुपवरच्या माणसाला तीन गोष्टी विचारायला लावा. केस कोणत्या न्यायालयात आहे आणि तिचा क्रमांक काय? वकिलांचं नाव आणि सनद क्रमांक काय? आणि तुमच्या यजमानांनी सही केलेल्या वकीलपत्राची प्रत त्यांना मिळणार का? केस दाखल असेल तर क्रमांकावरून ई-कोर्टच्या संकेतस्थळावर तारखा फुकट दिसतात, तुमची मुलगी दोन मिनिटांत काढून देईल. वकीलपत्रावर सही घेतल्याशिवाय कुणी तुमच्या वतीने न्यायालयात उभं राहू शकत नाही. या प्रश्नांवर समोरचा चिडला किंवा ‘विश्वास नसेल तर सोडा’ म्हणाला, तर खुशाल सोडा.

अमेरिकेची गोष्ट त्याने अर्धीच सांगितली आहे. न्यूयॉर्क महापालिकेने फेब्रुवारी २०२२ मध्ये लस न घेतलेल्या १,४३० कर्मचाऱ्यांना एका फटक्यात काढलं. पुढे १० फेब्रुवारी २०२३ ला तिथली सक्ती संपली, पण काढलेल्यांना आपोआप परत घेतलं नाही. हवं तर पुन्हा अर्ज करा, असं सांगितलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २०२४ साली न्यायालयाने पोलीस आयुक्तांचा लसीकरणाचा आदेश बेकायदा ठरवला, कारण आदेश काढताना कर्मचाऱ्यांच्या मानवी हक्कांचा नीट विचारच झाला नव्हता. न्यूझीलंडमध्ये पोलीस आणि सैन्याच्या बाबतीत २०२२ मध्येच सक्ती रद्द झाली. इंग्लंडने सरकारी आरोग्यसेवेतली सक्ती लागू व्हायच्या आधीच मागे घेतली. म्हणजे कुठे कर्मचारी जिंकले, कुठे हरले, कुठे सरकारनेच माघार घेतली. ‘सगळ्यांना परत घेतलं’ असं घडलेलं नाही.

आता आपल्याकडचं. तुमच्या यजमानांच्या मनात जी ठसठस आहे तिला कायद्याचा आधार आहे, आणि हे त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं. लस ऐच्छिक आहे, हीच केंद्र सरकारची भूमिका सुरुवातीपासून होती. तरी ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२१ मध्ये लसीकरणाचे आकडे वाढवण्यासाठी वरून दट्ट्या आला आणि खालच्या कार्यालयांनी आपापल्या परीने सक्ती सुरू केली. ठाणे महापालिकेने पहिला डोसही न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखायचं जाहीर केलं. औरंगाबादेत लस नसेल तर पेट्रोल आणि रेशन नाही, असा फतवा निघाला. २७ नोव्हेंबरला राज्याची नवी नियमावली आली आणि सार्वजनिक ठिकाणी दोन्ही डोस लागतील असं ठरलं. तुमच्या यजमानांना डिसेंबरात आलेला तोंडी निरोप याच घाईतला दिसतो.

नंतर २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात निकाल दिला. न्यायालयाने सरकारचं लसीकरण धोरण चूक ठरवलं नाही, लस टाकाऊ आहे असंही म्हटलं नाही. पण माणसाच्या शरीरावर त्याचा स्वतःचा हक्क आहे, संविधानाच्या कलम २१ खाली तो येतो आणि कुणालाही बळजबरीने लस देता येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. लस न घेतलेल्यांवर तेव्हा घातलेली बंधनंही प्रमाणाबाहेर ठरवली, कारण न घेतलेल्या माणसाकडून घेतलेल्यापेक्षा जास्त संसर्ग पसरतो असा पुरावा सरकारांनी न्यायालयापुढे ठेवला नव्हता.

हे तुमच्या यजमानांना वाचून दाखवा. पण पुढचंही वाचा. या निकालात ‘ज्यांना काढलं त्यांना परत घ्या’ असा हुकूम नाही. प्रत्येकाला आपली तक्रार आपण मांडावी लागते, आणि तिला मुदत असते. कायम सरकारी कर्मचाऱ्याला संविधानाचं कलम ३११ संरक्षण देतं, चौकशी आणि म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय त्याला बडतर्फ करता येत नाही. ठेकेदाराच्या माणसाला ते कवच नाही. त्याच्यासाठी कामगार कायदे होते. वर्षात २४० दिवस काम भरलं असेल तर कामावरून कमी करताना एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार देणं बंधनकारक होतं. तुमच्याकडे यातलं काहीच झालं नाही. मात्र काढल्यावर थेट कामगार न्यायालयात जाण्याची मुदत तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात तीन वर्षांची होती. ती सरून गेली आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर: ती नोकरी आणि मागचा सगळा पगार मिळण्याची आशा फार कमी आहे. उशीर माफ करून घेण्याचा प्रयत्न करता येतो, पण ती वाट अरुंद आहे. ठेक्यावरच्या कामगाराला चुकीने काढलं हे सिद्ध झालं तरी न्यायालयं बऱ्याचदा जागा परत देण्याऐवजी ठोक भरपाई देतात. हे लिहिताना मला वाईट वाटतंय. वादळात पंपापाशी थांबलेल्या माणसाला काढताना दोन ओळींचा कागदही कुणी दिला नाही, याचा मला रागही येतो. आणि तो माणूस बसत होता कुठे? पंपघरात, बहुतेक वेळ एकटा. त्याच्यामुळे कुणाला किती धोका होता, हा प्रश्न त्या कार्यालयात एकानेही विचारलेला दिसत नाही.

मुंबईतल्या परळच्या हाफकिन संस्थेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. प्लेगची लस शोधणारे हे शास्त्रज्ञ हाफकिन. १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी त्यांची लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून बाजूला केलं गेलं. दोष प्रयोगशाळेचा नव्हता, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडलं. परत आले ते कलकत्त्याला, मुंबईच्या जागेवर तोवर दुसरा माणूस होता. निर्दोष ठरणं आणि गेलेली जागा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात. तुमच्या यजमानांना यातली पहिली मिळवून देणं आपल्या हातात आहे, आणि माझ्या मते त्यांना तीच जास्त हवी आहे.

त्याआधी पैशाचं. ज्या पैशाकडे तुमच्या घरात कुणाचं लक्षच गेलेलं दिसत नाही तो म्हणजे ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंड. पाच वर्षं सलग नोकरी झालेल्या कामगाराला ग्रॅच्युइटीचा हक्क असतो. शेवटच्या मासिक पगाराला पंधराने गुणायचं, २६ ने भागायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. समजा पगार ९,००० रुपये होता, तर अकरा वर्षांचे सुमारे ५७,००० रुपये होतात. अर्ज उशिरा केला म्हणून हा हक्क बुडत नाही, कामगाराने मागितली नाही तरी ती देणं मालकाचं काम आहे, आणि उशिराबद्दल व्याजाचीही तरतूद आहे. अडचण एवढीच येईल की अकरा वर्षांत ठेकेदार बदलले असतील, आणि जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवेल. वाद झाला तर तो ग्रॅच्युइटीसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यापुढे चालतो. अर्ज कुठे आणि कोणत्या नमुन्यात करायचा ते जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा.

फंडाचं पासबुक यूएएन, म्हणजे फंड खात्याच्या क्रमांकावरून मोबाईलवर दिसतं. पगारातून कापलेली रक्कम खरंच भरली गेली का, ते महिन्यांप्रमाणे तपासा. पेन्शन योजनेत दहा वर्षांची नोकरी धरली गेली असेल तर ५८ व्या वर्षापासून थोडी का होईना, दरमहा पेन्शन बसते. अकरा वर्षं म्हणजे ती रेषा त्यांनी ओलांडलेली असू शकते. म्हणून फंडातले पैसे काढायची घाई करू नका, आधी पेन्शनचं विचारा.

वकिलासाठी १२ हजार लागत नाहीत. ओरोसला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या न्यायालयात त्याची समिती असते. औद्योगिक कामगार या वर्गाला तिथे मोफत वकील मिळण्याची कायद्यात तरतूद आहे. यजमानांना तिथे न्या आणि उशिराचं काय होऊ शकतं, तेही त्या वकिलांनाच विचारा. पुढे कधी उच्च न्यायालयात जायचं ठरलं, तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला त्याचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालंय आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीची प्रकरणं तिथे जातात. मुंबईच्या गाडीत रात्र काढायची गरज उरलेली नाही.

आता मुलीकडे येते, कारण पत्रात तुमचा जीव खरा तिथे अडकला आहे असं मला वाटलं.

लस तिने घ्यायलाच हवी. इथे मी मधली वाट सांगणार नाही. हिपॅटायटिस बी रक्तातून पसरतो आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनीच्या हाताला कधी ना कधी वापरलेली सुई लागू शकते. रुग्णाच्या रक्तात हा विषाणू जोरात असेल आणि नर्सने लस घेतलेली नसेल, तर अशा शंभर सुयांमागे तीसपर्यंत वेळा लागण होऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत हे प्रमाण हजारात तीनच्या आसपास आहे. लोक ज्याला घाबरतात त्याच्यापेक्षा हा कितीतरी पटीने चिवट. शरीरात मुरला तर यकृत हळूहळू निकामी करू शकतो, पुढे कॅन्सरपर्यंत नेऊ शकतो. ही लस १९८० च्या दशकापासून वापरात आहे आणि आज सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या बाळालाही देतात. मोठ्या माणसाला तीन डोस: पहिला, मग एक महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासलं की संरक्षण तयार झालं का ते कळतं, आणि नर्सने ती तपासणी करावीच. तिचं लहानपणचं लसीकरणाचं कार्ड ट्रंकेत असेल तर काढून बघा, कदाचित तेव्हा दिलेलीही असेल.

तुमचे यजमान म्हणतील की मग माझ्या वेळी काय वेगळं होतं? प्रश्न रास्त आहे, टाळू नका. काम वेगळं होतं. नर्सचा हात रोज रुग्णाच्या रक्तात असतो, पंप ऑपरेटरचा नसतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ ला एकाच दिवशी दोन निकाल दिले: मोठ्या कंपन्यांतल्या सरसकट सगळ्या कामगारांवरची अट थांबवली, आणि दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांवरची राहू दिली. शिवाय तुमच्या मुलीला कॉलेजकडे कारण विचारता येतं, डॉक्टरला प्रश्न विचारता येतात. तुमच्या यजमानांना यातलं एकही मिळालं नाही, त्यांना मिळाली फक्त धमकी.

आणि दिरांचं. या घरात त्यांच्याबद्दल नीट बोलणंच झालेलं नाही, असा माझा अंदाज आहे. लस घेतल्यावर दहाव्या दिवशी भाऊ गेला, तर कुठल्याही भावाच्या मनात ते जोडलं जाणारच. त्याला अडाणीपणा म्हणू नका, मुलीलाही म्हणू देऊ नका. कोविशील्डसारख्या लशीने फार थोड्या लोकांत प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या झाल्या, हे जगभर मान्य झालेलं आहे. दुसरीकडे, १८ ते ४५ वयाच्या माणसांच्या अचानक मृत्यूंवर आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने केलेल्या अभ्यासात लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी आढळला. तुमचे दीर बावन्नचे, त्यामुळे तो अभ्यास त्यांना जसाच्या तसा लावू नका. त्या वयात हार्ट अटॅक लशीविनाही येतो, आणि त्या वर्षी कोट्यवधी लोक लस घेत होते, त्यामुळे काही जणांच्या बाबतीत दोन्ही जवळजवळ येणार होतंच. त्यांच्या बाबतीत नेमकं काय झालं हे आता पत्रातून ठरवता येणार नाही. मुंबईच्या दवाखान्यातले कागद जावेकडे असतील तर मागवा आणि ओळखीच्या फिजिशियनला दाखवा. उत्तर मिळालं नाही तरी भावाचे कागद कुणीतरी मन लावून वाचले, एवढं तरी त्यांना दिसेल.

बाजू कुणाची घ्यायची, म्हणता. लशीच्या बाबतीत मुलीची. नोकरीच्या बाबतीत नवऱ्याची. दोन्ही एकाच दिवशी, दोघांच्या समोर, मोठ्याने सांगा. आजवर तुमच्या घरात (आणि वाडीतही, मला खात्री आहे) हा एकच वाद समजला गेला: लस चांगली म्हणणारा त्यांना चूक ठरवणार, त्यांना बरोबर म्हणणारा लशीला नावं ठेवणार. मी स्वतः सगळ्या लशी घेतल्या, त्या नसत्या तर आपल्याकडे आणखी किती माणसं गेली असती या विचारानेही मला कापरं भरतं, आणि तरी तुमच्या यजमानांना ज्या पद्धतीने काढलं ते अन्यायाचं होतं. नोकरीचा धाक घालून एका लशीचा आकडा वाढला असेल, पण त्याच धाकाने तुमच्या घरात दुसऱ्या लशीची वाट अडवली आहे. सक्ती करणाऱ्यांनी हा हिशोब कधी मांडला नाही.

मुलीला सांगा की ‘हट्टापायी’ हा शब्द मागे घे. माफी तिने आधी मागावी, लशीचं नंतर बोलावं. ती सज्ञान असेल तर लशीला बापाची परवानगी कायद्याने लागत नाही, पण चोरून घेऊ नये. तारीख सांगून जावं, आणि त्यांना सोबत चला म्हणावं. लस दिल्यावर अर्धा तास थांबवतात तेव्हा बापाने जवळ बसावं, हवं ते डॉक्टरला विचारावं. नाही आले तर नाही आले, तिने जाऊन यावं.

आणि एक काम दोघांना मिळून द्या. माहिती अधिकाराचा अर्ज. नगरपंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्यात मागायचं: नोव्हेंबर २०२१ ते जानेवारी २०२२ चे पाणीपुरवठ्याचे हजेरीपट, ठेका कामगारांच्या लसीकरणाबाबत काढलेला कोणताही लेखी आदेश किंवा परिपत्रक, त्या अकरा वर्षांतल्या ठेकेदारांचे करारनामे, आणि त्यांनी फंड भरल्याची चलनं. अर्ज वडिलांच्या नावाने, सही त्यांची, लिहिणारी मुलगी. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, न दिल्यास पहिलं अपील करता येतं. ‘असा कोणताही लेखी आदेश उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर नाराज होऊ नका. आदेशाशिवाय काढलं, हे त्यांच्याच सहीशिक्क्याने लिहून मिळालं, असं समजा आणि तो कागद घेऊन ओरोसला जा. ग्रॅच्युइटीच्या वादात हजेरीपट आणि करारनामे सगळ्यात आधी लागतील.

अर्जाच्या पोचपावतीची आणि पासबुकाची झेरॉक्स काढून ठेवा. शिमग्याच्या आत अर्ज दिलात तर उत्तर आंब्याच्या ऐन गडबडीत येईल, त्यामुळे ते उघडून वाचायची जबाबदारी मुलीवर टाका. कुठे अडलं तर मला लिहा, कार्यालयाचं उत्तर मात्र सोबत जोडा.